हातानं कालवलेली कोशिंबीर

दादा, भूकंपानंतर लातूरचं नाव काढलं तरी माणसं दचकायची, तेव्हा मी हिमायतनगरहून लातूरच्या एसटीत बसले. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "जमीन हलून राहिली तिथं कशाला मरायला जाऊन राहिलीस?" नवऱ्याला डाळ मिलमध्ये काम लागलं होतं. मला माझं स्वतःचं काही उभं करायचं होतं.

पुढं क्लासेस वाढले, गावोगावच्या मुली आल्या आणि मी खानावळ काढली. आज चाळीस ताटं लागतात. मोंढ्याच्या बाजारात माझी घासाघीस ठाऊक आहे, मला पाहिलं की भाजीवाला म्हणतो, "आली बाई, आता भवानीच बुडाली!" शिळी भाजी कुणी माझ्या पिशवीत घालून दाखवावी.

म्हणून त्या आजाराच्या वर्षी लागलेला बोल अजून जिव्हारी आहे. मला उलट्या-जुलाब झाले. दोन दिवसांनी सकाळी ते थांबले. अंग धडधाकट, दुपारी लगेच कोशिंबीर कालवायला बसले. दुसऱ्या दिवशी अकरा मुली आडव्या. गल्लीत बोभाटा झाला, "शिळं खाऊ घातलं." पालक मुलींना काढून न्यायची भाषा करू लागले. खानावळ बसणार, हे दिसत होतं.

तणतणत डॉक्टरीणबाईंकडे गेले. "लिहून द्या, माझं अन्न ताजं होतं!"

"ताजंच होतं. हा विषाणू आहे, तगड्या माणसाच्याही आतड्याला धरतो. माणूस दोन-तीन दिवसांत बरा होतो, पण विषाणू पोटातून बाहेर पडतच राहतो. कोशिंबीर हातानं कालवलीत?"

"मग काय चमच्यानं? चव हातालाच असती!"

"हात दर वेळी साबणानं धुवायचे, आणि अजून दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही."

"एक करा."

"मावशी, हा मोंढा नाही."

मी घरी परतले. शेजारणीला चुलीशी बसवलं आणि दारात उभी राहून एकेका पालकाला सांगितलं, अन्न ताजं होतं, चूक माझ्या हाताची. मुली तीन दिवसांत बऱ्या झाल्या. दोघी गेल्या, बाकीच्या राहिल्या. खानावळ मी अशी वाचवली, दादा, खोटं न बोलता.

तू मात्र लेकीला इथं क्लासला घातलंस आणि जेवण दुसरीकडं लावलंस. "लोकं बोलून राहिलेत," म्हणालास. मला एकदा विचारलं असतंस.

घर कुठलं, असं आता कुणी विचारतं. हिमायतनगरला आले की तुम्ही मला पाहुणीसारखं पाटावर बसवता, जपून बोलता. इथं कालची आलेली पोरगी पातेल्याशी उभी राहून दटावते, "मावशी, साबण लावला का?" मी चिडते, पुटपुटते, आणि ओले हात तिच्यापुढं धरते.