चौकटीबाहेरचंही दाखवणारा कॅमेरा

या ग्रुपवर मी फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

माझा मोठा भाऊ, दादा, जाऊन चार महिने झाले. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं शिवाजी पेठेत रस्त्यावरचे फोटो काढत फिरायचो. त्याचा फिल्म कॅमेरा घरी आहे, पण तो डोळ्याला लावायचं धाडस होत नाही. म्हणून आज शाहूपुरीत कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे स्वतःसाठी पहिला रेंजफाइंडर कॅमेरा बघायला गेलो.

त्यांनी दोन समोर ठेवले. एकात उजेड मोजायचं मीटर होतं, दुसऱ्यात नव्हतं. मी दुसरा उचलला, रस्त्याकडे वळलो आणि बटण दाबलं.

"पावणं, झाकण काढा की," काका म्हणाले. "ह्यात लेन्समधनं दिसत न्हाय, बाजूच्या खिडकीतनं दिसतंय. सगळीच एकदा फसत्यात."

झाकण काढून पुन्हा पाहिलं. खिडकीत फोटोची चौकट आखलेली होती आणि तिच्या बाहेरचंही दिसत होतं. एक सायकलवाला चौकटीत आला, बाहेर गेला, तरी थोडा वेळ मला दिसत राहिला. दादाच्या कॅमेऱ्यात चौकटीबाहेर नुसतं काळं असतं.

"हाच द्या," मी म्हणालो.

"मीटर न्हाय हं त्यात."

"असू दे. उजेडाचा अंदाज घ्यायला भावानं शिकवलंय."

येत्या रविवारी पेठेत एकटाच जाणार आहे. दोघांच्या सवयीच्या रस्त्यावर तुम्ही पहिल्यांदा एकटे गेलात, तेव्हा सुरुवात कुठून केलीत?