दगडांवर जंतू वाढेपर्यंत

निवृत्तीनंतर बाबांनी आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याचा मोठा फिश टँक घेतला, आणि फिल्टर निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याबद्दलचं सगळं वाचायला इंग्रजीत होतं. दुकानदार फिल्टरमध्ये भरायला प्लास्टिकचे गोळे घ्या म्हणत होता. मी सच्छिद्र दगड निवडले. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो त्यांना विषासारखा असतो. दगडांच्या भोकांत राहणारे जिवाणू तो पचवतात. फक्त ते वाढायला काही आठवडे लागतात आणि तोवर मासे सोडायचे नाहीत.

वाचताना हे मला नीट कळलं होतं. घरी मराठीत सांगताना जमेना.

"म्हणजे जंतूच ना?" आई म्हणाली. "हॉलमध्ये मुद्दाम वाढवायचे?"

बाबा मात्र थांबले. रिकाम्या टँकसमोर पेपर वाचत बसायचे. मग एका रविवारी मोठे काका आले. चहा पिता पिता त्यांनी टँक या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"छान आहे. नुसतं पाणीच पाळलंयस का रे?"

बाबा हसले. संध्याकाळी ते पिशव्यांमधून नारिंगी पट्ट्यांचे मासे घेऊन आले.

"बाबा, पाणी अजून तयार नाहीये."

"अगं, पाच-सहा तर आहेत. एवढ्याशा जिवांनी काय होतंय?"

पिशव्या तोवर टँकमध्ये तरंगत होत्या.

आठवड्याच्या आत मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. अमोनिया तपासायच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. पाणी बदलणं एवढाच उपाय माझ्या हातात होता. स्वयंपाकघरातल्या आरओची बारीक धार बादलीत धरायची, त्यात समुद्री मीठ विरघळवायचं, मग ओतायचं. एवढ्या मोठ्या टँकला एक बादली कुठे पुरणार? नळी हिरवीच.

मासे काही दिवस परत ठेवून घ्याल का, असं विचारायला बाबांनी दुकानात फोन लावला. स्पीकर चालू होता.

"अहो, मासे आहेत ते. साडी नव्हे, घरी नेसून बघून परत आणायला."

बाबांनी फोन ठेवला. "ते दगडांवरचे... जरा लवकर वाढतील असं काही करता येत नाही का गं?"

"आत्ता लगेच नाही, बाबा."

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. सगळ्यात लहान मासा तळाशी आडवा झाला होता, तो हलला नाही. मी स्वयंपाकघरात गेले. बादली अजून अर्धीही भरली नव्हती.