तीन मिनिटांची ढोलकी

बोरीच्या स्टँडवर मला सोडायला माय आली, धाकटा भाऊ मिलिंद आला, गल्लीतली चार माणसं आली. दादा आले नाहीत. ते विहारासमोर ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसले होते. एसटी तिथूनच गेली. मी खिडकीतून बघत होतो. माझ्या बापानं मान वर केली नाही. मायनं धपाटे बांधून दिले होते आणि एकच सांगितलं होतं, “तिकडं कोणाशी चढ्या आवाजात बोलू नको, बाबा.” मला नेमकं तेच जमलं नाही.

दादांची गायन पार्टी होती. एक हार्मोनियम, दादांची ढोलकी, दोन गाणारे आणि मागं कोरसला आम्ही. जयंतीच्या दिवसांत जिल्हाभर भीमगीतांचे कार्यक्रम व्हायचे. सगळीकडं एकच तऱ्हा. पुढाऱ्यांची भाषणं लांबायची आणि पार्टीच्या वाट्याला उरलीसुरली पंधरा मिनिटं यायची, समोर रिकाम्या सतरंज्या. एका वर्षी सोनपेठला मी संयोजकांना तोंडावर सांगितलं, भाषणांच्या आधी तासभर द्या, नाही तर आम्ही निघालो. खरोखरच टेम्पो चालू करायला लावला. कोपऱ्यापर्यंत गेलो असू, मागून हाक आली. तास मिळाला. दादांनी एका गाण्याला ढोलकी वाजवली आणि खाली उतरले. परतताना टेम्पोत सगळ्यांदेखत म्हणाले, “बाबासाहेबांची गाणी म्हणायला जातोत आपण. बैलबाजारात न्हाई.”

मी त्यांच्या मानासाठी भांडलो होतो, आणि त्यांनी मलाच दलाल ठरवलं. तो राग घेऊन मी गाव सोडलं. खोटं कशाला बोलू, तो अजून पुरता गेलेला नाही.

आधी पुणे, मग दुबई, मग इंग्लंडातलं कॉव्हेंट्री. टायर बदलणारा म्हणून लागलो, आज गॅरेज माझं आहे. तिथं एकदा रॉय नावाचा निवृत्त बसड्रायव्हर व्हॅन दुरुस्तीला घेऊन आला. मागं माणसाएवढं लाकडी वाद्य आडवं पडलेलं होतं, डबल बास. हे काय म्हणून विचारलं, तर त्यानं ते तिथंच उभं केलं आणि तारा ओढून लाकडावर आपटायला लागला. म्हणाला, रॉकाबिली, पन्नासच्या दशकातलं अमेरिकेतलं नाचाचं संगीत. मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. गाव सोडल्यापासून तसली थाप कानावर पडली नव्हती.

बंद पडायला आलेल्या एका कामगार क्लबात आम्ही रॉकाबिली नाईट सुरू केली. महिन्याचा पहिला शनिवार. मालक कुणीच नाही. जे येतात तेच चालवतात. कुणी जुन्या रेकॉर्ड आणतं, कुणी सँडविच, कुणी नवख्यांना जाइव्ह नाचाची पावलं शिकवतं. नाव नाईट, पण सुरू होते दुपारी चारला, कारण निम्मे नाचणारे सत्तरीच्या पुढचे आणि लवकर घरी जायचे. डोक्यावर तेलकट कोंबडा काढलेले आजोबे, घेरदार झग्यातल्या आज्या. भाड्यापासून स्पीकरपर्यंत घासाघीस करायला मी. कुठं अडलं की “अशोकला पाठवा.” ज्या स्वभावापायी गावातून उठलो, त्याच स्वभावानं मला तिथं खुर्ची दिली.

गेल्या वर्षी मिलिंदनं फोनवर दादांचा व्हिडिओ पाठवला. बोटं सुजलेली, पण थाप तीच. मी रॉयला दाखवला. त्यानं त्यावर बास धरला आणि जमलं. मी दादांना फोन केला. एप्रिलच्या नाईटला व्हिडिओ कॉलवर वाजवाल का? ते हसले. कैक वर्षांनी माझ्याशी बोलताना हसले. “गोऱ्यांना काय कळायलंय त्यातलं?” म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

अडवलं नाईटच्या कमिटीनं. साठ सालानंतरची रेकॉर्डसुद्धा आम्ही लावत नाही, म्हणाले, मग ही ढोलकी कुठली? ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर मी भांडून राखलं होतं, ते मला नियम सांगत होते. मी टेबलावर हात आपटला. अर्धा तास मागितला, पंधरा मिनिटांवर आलो, शेवटी तीन मिनिटांवर सौदा ठरला.

आणि मी मूर्खानं हे सगळं दादांना रंगवून सांगितलं. काहीच मिळत नव्हतं तिथं तीन मिनिटं कशी काढली ते.

“भांडून आणलीस?” दादा म्हणाले. “न्हाई वाजवीत मी. तुमचं तुमी नाचा.”

“नका वाजवू,” म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या शनिवारी तीन मिनिटांची वेळ आली तेव्हा रॉयनं माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दुसरी रेकॉर्ड लावली.

पावसाळ्यात दादा गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी बोरीत पोचलो. माणसं पांगल्यावर मिलिंद म्हणाला, “त्या शनिवारी दादा दिवस मावळल्यापासून पांढरा सदरा घालून बसले होते. ढोलकी सुरात चढवून ठेवलेली. माझा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवायला लावला. जेवण गार झालं. मी म्हणलं, दादा, तुमीच न्हाई म्हणलात ना? तर म्हणले, म्हणलो की. अशोकला काय, घासाघीस येतीया.”

मी आजवर कुणाचा पहिला नकार खरा मानलेला नाही. घरमालकाचा नाही, विमा कंपनीचा नाही, कमिटीचा नाही. उठून चालायला लागायचं, मागून हाक येतेच, हे माझं सगळं शहाणपण. जन्मात एकदाच दादा भाव करायला बसले, आणि त्याच दिवशी मी त्यांचा शब्द प्रमाण मानून उठलो. ते तिकडं हाकेची वाट बघत होते आणि मी इकडं.

बाहेर पडलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. गावात राहिलेल्यांना हे ठाऊक असणार. नाईट अजून चालते, मी अजून चारच्या आधी दार उघडतो. कमिटीवर राग आहेच. तो धरायला सोपा आहे, म्हणून धरलाय. मागच्या आठवड्यात मायला फोन केला, म्हटलं येऊ का दोन आठवडे?

“काय काम हाय इथं? ऊन लय हाय. येऊ नको.”

या वेळी मी फोन ठेवला नाही. पलीकडं पंख्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “परभणीवरून येशील का जालन्यावरून?”