देवीदासचा डोंगर

कादंबरी ऐकायला चार माणसं बसली, की कादंबरी राहते बाजूला आणि किस्सेच साचत जातात! कुरुंद्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दर शनिवारी संध्याकाळी हेच व्हायचं.

देवीदास राठोड, तांड्यावरचा मास्तर, फँटसी लिहायचा. तिच्यात धुमगड नावाचा पवित्र डोंगर. जो टोकाला पोचेल, त्याचं दुखणं जातं. तो वाचायचा आणि आम्ही ऐकायचो: मी, देवळात पूजा सांगणारे जोशीकाका, देवीदासची आई आणि त्याची बायको कमल. कमलच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिसला नांदेडला जायची. डोळे मिटण्याआधी या गोष्टीचा शेवट ऐकायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

*

एकदा नायक डोंगराला वळसा घालत होता. जोशीकाका ओरडले, "थांब! देव उजव्या हाताला ठेवून चाल म्हणावं त्याला. प्रदक्षिणा उलटी होऊन राहिली!"

देवीदास म्हणाला, "काका, हे दुसरं जग हाय. तिथं दोन सूर्य हायेत."

"चार असू दे! प्रदक्षिणा बराबर पाहिजे!"

देवीदासनं वाट बदलली. सगळं पुन्हा टाईप मी केलं, तेही फुकटात!

*

देवीदासनं एकदा सांगितलं, की जगभरच्या फँटसीत असा एखादा डोंगर असतोच. वर देव, खाली माणसं. आपल्याकडं कैलास आहे, मेरू आहे, तसंच ते.

"म्हणजे गोऱ्या सायबांनी आपलं चोरलं!" काका खूष.

कमल हसली. "चोरतील काहून, काका? दुखतं तर सगळ्यांलाच की."

काकांनी चहा मागवला.

*

देवीदासच्या आईला आम्हीही तांड्यातल्यासारखं याडीच म्हणायचो. वाचन सुरू झालं, की याडीच्या चपला बाहेर, डोक्यावर पदर. एकदा एक पान खाली पडलं आणि आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पाय पडला त्यावर.

"पोथीवर पाय ठिवतो का रं!"

त्या बिचाऱ्यानं पानाला हात जोडले, मला जोडले आणि आधारकार्ड विसरून पळाला!

मी म्हटलं, "याडी, पोथी नाही ही. देवीदासनं मनानं लिहिलंय."

"व्हय की. देव मनातच सांगतो."

समजावून समजावून मी थकले.

*

पुढं देवीदास अडला. वर चढताना कुणीतरी पडणार, हे त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. कोण, ते ठरेना.

जोशीकाका म्हणाले, "जुन्या कथांत स्वर्गाला चढताना आधी बाईच पडते. तिलाच पाड."

कमल समोर बसलेली! माझं डोकंच फिरलं. "काका, तोंड आवरा!"

कमल शांतपणे म्हणाली, "काका बराबर बोलले. पण यांना लिहवत न्हाई. मी समोर बसलेय ना."

देवीदास पानं तशीच टाकून बाहेर गेला.

त्याच आठवड्यात नांदेडच्या वाटेवर कमल गेली. शेवट लिहिलाच गेला नव्हता. मी खूप रडले. काकांनी तर किती दिवस दुकानात तोंड दाखवलं नाही.

*

राख सिद्धेश्वरला पूर्णेत सोडायची ठरली. तांड्यावर जीप उभी. आम्ही सगळे जमलेलो, काकाही आले होते. याडी घरातून आली ती राखेचं गाठोडं एका हातानं पोटाशी धरून. दुसऱ्या हातात बांधलेल्या भाकरी.

"नदीत न्हाई सोडायची," ती म्हणाली. "कमल मला सांगून गेली. धुमगडावर न्या म्हणली."

कमल बारावी शिकलेली. दर शनिवारी आमच्यात बसलेली. धुमगड कागदावरच आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं!

"देवीदास, तिकडं कोणती एसटी जाती?"

मी तोंड उघडलं. जोशीकाकांनी माझा हात दाबला.

देवीदास म्हणाला, "याडी, तिथं एसटी जात न्हाई. पायी जावं लागतं."

"मग पाणी भरून घे," याडी म्हणाली.