पहिली तळ्याची

भिजवलेल्या कणकेला हिंगाचा वास आला, की माझ्या मनात एक तळं उघडतं. भोवती सालवृक्षांचं गंभीर रान, मधे डोंगरांनी ओंजळीत धरलेलं नीलश्यामल पाणी, आणि त्यावर माघातलं धुकं, उठू की नको अशा अर्धवट झोपेतलं! तुम्ही म्हणाल, हिंगाचा नि तळ्याचा काय संबंध? अहो, आमच्या घरात तोच तर संबंध! बाबा गळ टाकायचे आणि त्यांच्या आमिषाची कणीक आई मळायची, चिमूटभर हिंग घालून.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. हिवाळ्यातल्या रविवारी रायपूरच्या गुढियारी भागातल्या आमच्या घराला कुलूप घालून दोघं धमतरीपलीकडच्या या डोंगरतळ्यावर जायचे. आईचा एक नेम होता. गळाला लागलेली पहिली मासोळी परत पाण्यात सोडायची. "पहिली तळ्याची, दुसरी आपली," ती म्हणायची. बाबा कुरकुरायचे, पण सोडायचे.

गेल्या पावसाळ्यात आई गेली, आणि बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. जेवलात? हव. औषध घेतलं? हव. छत्तीसगढचा हा गोड होकार आम्हा रायपूरच्या मराठी माणसांच्याही जिभेवर कधीचा बसलेला. पण बाबांच्या तोंडी तो होकार नव्हताच, ते दार लावून घेणं होतं. ताटातला घास ताटातच राहायचा. मला भीती वाटत होती, सरळच सांगते. आईपाठोपाठ हेही चालले!

म्हणून या माघात मीच कणीक मळली, गळ-दोरी गाडीत टाकली आणि बाबांना जवळजवळ ओढतच तळ्यावर नेलं. काठावर डबा उघडला आणि काय तो भपकारा! आईची चिमूट मला कुठून ठाऊक असणार? मी चांगला चमचाभर हिंग घातला होता. बाबांनी गोळा नाकाशी नेला, दोनदा शिंकले आणि म्हणाले, "काय वं पोट्टी, मासोळी धरायची हाये का वरणाले फोडणी द्यायची हाये?"

किती महिन्यांनी एक अख्खं वाक्य! मी खो खो हसले आणि हसता हसताच डोळे पुसले.

मग सारं निवांत झालं. धुकं विरलं. एका बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळत बसला. पलीकडच्या काठावर चितळांचा कळप आला, पाण्यात तोंडं घालून पुन्हा रानात दिसेनासा झाला. खरंच ते आले होते, की माझा डोळा लागला होता? पाण्याकाठी जागृती आणि स्वप्न यांच्यातली सीमारेषा इतकी पुसट का होत असावी?

ऊन कलताना दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं मोरपिसाचं देठ बुडालं. बाबांनी हलक्या हातानं ओढ दिली, आणि रुपेरी, तांबूस परांची रोहू काठावर आली. माझ्या मनात तर लसूण वाटून झाला, तेल तापलं, भातही शिजला. आज बाबा पोटभर जेवतील! तेवढ्यात ते गुडघ्यांवर टेकले, मासोळी दोन्ही हातांनी पाण्यात धरली आणि ती सावरताच सोडून दिली.

"बाबा, दिवसभरात एकच तर लागली होती!" माझा जीव नुसता हळहळला.

"पहिली होती ना," ते म्हणाले. "तळ्याची." मग दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "दुसरीसाठी येऊ पुढच्या रविवारी. अन् कणकीले तू हात नोको लावू."

पहिली सोडणं म्हणजे आईची भूतदया, असंच मी इतकी वर्षं समजत आले. तेवढंच होतं का ते? आता विचारणार कुणाला!

आज शनिवार आहे. मी इथं खिडकीशी लिहीत बसले आहे आणि स्वयंपाकघरातून हिंगाचा वास येतो आहे, अगदी चिमूटभर. बाबा कणीक मळून राहिले.