काजळ लावलेलं धोतर

राणीसावरगावात सारजाबाईच्या हातची वाकळ नाही असं घर शोधून सापडलं नसतं. हे मी ऐकीव सांगत नाही. तिच्या घराला माझं घर लागून, मधे एकच भिंत.

लढाईची सालं होती. कापड कंट्रोलवर, तेही तालुक्याला खेटे घातल्यावर. लेव्हीवाले सरकारी वसुली म्हणून खळ्यावरूनच पोती उचलायचे, आणि मागं उरलेल्या दाण्यावर माणसानं कसं जगायचं ते निजाम सरकारच्या कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. सारजाबाईच्या नवऱ्याचं, व्यंकटीचं, रान हलकं. म्हणून सुगी आटोपली की ती लोकांच्या वाकळी शिवायला घ्यायची आणि मजुरी ज्वारीत घ्यायची. दिवसभर अंगणात वाकून बसायचं, कडेकडेनं टाका घालत आत आत सरकायचं, आणि मधला चौक मिटवण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा. वाकळीचं पोट उपाशी ठेवू नये अशी तिची रीत. पाठ मोडायची, बोटांना घट्टे पडलेले. पण उन्हाळ्यापर्यंतची चूल त्यावर पेटायची.

दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांवर साय चढत चालली होती. सकाळी रानात जाण्याआधी व्यंकटी तिला सुया ओवून द्यायचा. ती त्या पदराला टोचून ठेवायची आणि दारात कुणी आलं की एक सुई उगाच डोळ्यापुढं धरायची. डोळे गेल्याचं गावाला कळलं तर काम बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात किशनराव देशमुखांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. देशमुखीण गोजरबाईंनी सारजाबाईला बोलावून बाळाच्या दुपट्यासाठी जुन्या लुगड्यांचं गाठोडं दिलं. वर दोन पांढरी धोतरं ठेवली.

"नीट ऐक. ज्याच्या टोकाला काजळाचा ठिपका हाय ते आमच्या वारलेल्या दिरांचं. ते तुझ्या घरी ने, व्यंकटीला होईल. दुसरं मालकांचं. ते दुपट्यात घाल, नातवाला आजोबाची ऊब लागू दे."

मेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या लेकराखाली जाऊ नये, म्हणून देशमुखांच्या घरात अशा कापडाला काजळ लावत. सारजाबाईनं मान हलवली आणि घरी आली.

व्यंकटी रानात होता. संध्याकाळपर्यंत थांबून त्याला विचारता आलं असतं. पण दरवेळी विचारायचं म्हणजे दरवेळी आंधळं व्हायचं. तिनं टोकं डोळ्याजवळ नेली. सगळं पांढरं आणि धुरकट. मग बोटं फिरवली. एक धोतर जाडंभरडं, दुसरं लोण्यासारखं. लेकराला मऊच पायजे, असा तिनं विचार केला आणि मऊ धोतर लुगड्यांच्या घड्यांत घातलं. दुपटं असं झालं की गोजरबाईंनी मजुरीवर पायलीभर ज्वारी जास्त दिली.

बारशाला सगळ्या गावाला जेवण होतं. व्यंकटी राहिलेलं धोतर नेसून ऐटीत पंगतीला बसला. वाढता वाढता गोजरबाईंची नजर त्याच्या गुडघ्यावर गेली. तिथं पानाच्या पिंकेचा जुना, पुसट डाग होता.

"व्यंकटी, हे धोतर कुणाचं?"

"तुमचंच की, मालकीणबाई. वारलेल्या मालकांचं."

"जित्या मालकाचं हाय ते."

पंगतीत कुणीतरी हसलं. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. मालकाचं धोतर याच्या अंगावर, तर दिराचं कुठं? त्या आत धावल्या. लेकरू दुपट्यावरच झोपलं होतं.

सारजाबाईला वाड्याच्या चौकात बसवून तिच्याच हातानं दुपटं उसवायला लावलं. टाके इतके घट्ट की लौकर उसवेनात. शेवटी धोतर बाहेर आलं. काजळाचा ठिपका लेकराच्या डोक्याखाली यायचा नेमका तिथं निघाला. साऱ्यांना दिसला. सारजाबाई मात्र धोतर चाचपत विचारत होती, "कुठंय? कुठंय?"

"मुद्दाम घातलंस," देशमुखांची लेक म्हणाली. "माझ्या लेकरावर करणी करायलीस?"

किशनराव पान थुंकून म्हणाले, "कुणी शिकवलं हिला, ते विचारा आधी."

गप्प राहिली तर चेटकीण ठरणार, खरं बोलली तर सुई जाणार. असल्या मोठ्या घरांत गरिबाला दोनच दारं असतात, दोन्ही बाहेर जायची. सारजाबाईनं हातातलं धोतर खाली ठेवलं.

"मला दिसंना मालकीणबाई. दोन वर्सं झाली. बोटानं शिवते. करणी न्हाई, डोळे न्हाईत."

देशमुखांनी तिला घालवून दिलं. ज्वारी परत मागवली, व्यंकटीच्या अंगावरचं धोतर सोडवून घेतलं. तो बिचारा कमरेला उपरणं गुंडाळून घरी आला. आठवडाभरात मोठ्या घरांची गाठोडी एकेक करून परत गेली. सारजाबाई अंगणात रिकामी बसून राहायची. बोटं तेवढी मांडीवर टाका घातल्यासारखी चालायची.

मग एका सकाळी खालच्या आळीतली दगडाबाई आली. मोलमजुरी करणारी बाई, जिभेची तिखट. तिनं चिंध्यांचं बोचकं आपटलं.

"घे, शिव. सुया माझी पोरगी ओवून देईल."

"दगडे, मला दिसत न्हाई. तुझ्या कानावर आलं असंल."

"समद्या गावाच्या आलंय. बोटं चालतेत ना?"

"यात कुणा मेल्याचं कापड असलं तर?"

"समदं मेल्याचंच हाय. सासऱ्याचं, सासूचं, माझ्या थोरल्याचं. आमच्यात मेल्याचं येगळं काढाया कापड हाय कुठं? लेकरं त्याच्यावरच वाढली. मजुरी मातर लय मागू नको. शेरभर देईन, तीबी आधी घे."

देशमुखांच्या मजुरीपुढं ती काहीच नव्हती. सारजाबाईनं मोलभाव केला नाही. बोचकं ओढून घेतलं आणि वाकली.

चौथ्या दिवशी वाकळ मधल्या चौकापर्यंत आली. भाकरीचा तुकडा हवा होता आणि घरात भाकर नव्हती. तिनं दगडाबाईची ज्वारी दळली, पहिली भाकर तव्यावरून काढली, तुकडा मोडून चौकात ठेवला आणि चाचपत शेवटचा टाका घातला.

व्यंकटी चुलीपाशी बसला होता. म्हणाला, "आधी वाकळीचं पोट, मग आमचं."

"भाकर वाकळीनंच आणलीय," सारजाबाई म्हणाली आणि दुसरी भाकर थापायला बसली.