इकलं न्हाई तर फी कशाची?

ह्या धंद्यातले किस्से गोठ्यातल्या शेणासारखे असतात. सकाळी भरून टाकावेत, दुपारी बघावं तर पुन्हा तेवढेच! मी आपण होऊन कुणाला सांगायला जात नाही. पण चहाला चार माणसं बसली की कुणीतरी म्हणतंच, "तात्या, काल काय झालं?" आणि काल काहीतरी झालेलंच असतं.

नव्या माणसासाठी आधी एवढं सांगतो. काष्टीच्या बैलबाजारात मी चाळीस वर्षं दलाली केली. शाळेत गेलो नाही. बैलाचे दात मोजता यायचे आणि माणसाचा चेहरा वाचता यायचा, तेवढ्यावर निभावलं. गुडघे गेले तसा घरी बसलो. घरात मी आणि सून सुनीता. मुलगा महेश चाकणला कंपनीत आहे, रविवारी येतो.

एकदा सुनीतानं आमच्या माळ्यावरच्या तांब्याच्या बंबाचा फोटो मोबाईलवर टाकला. आठ दिवसांत बंगळूरच्या माणसानं तो घेतला. पाणी तापवायला नाही, हॉलमध्ये ठेवायला! गावात हे कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक घरातलं जुनंपानं घेऊन आमच्या ओट्यावर. "आमचं बी टाका की!"

टाकू. पण घ्यायचं किती? फोटो काढायचा, माहिती लिहायची, शंभर जणांना उत्तरं द्यायची, वस्तू बांधून कुरियरला न्यायची. सुनीतानं विचार करून एक पुठ्ठा लिहिला आणि दाराला टांगला. फोटो टाकायची फी, महिना पन्नास रुपये. विकलं तर शेकडा दहा.

महेश म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघ. फी जमली तर कर. न्हाईतर पाटी काढ आन चाकणला चल. तिथं पॅकिंगला बायका घेत्यात."

सुनीताला पॅकिंगला जायचं नव्हतं. तिनं जावं असं मलाही वाटत नव्हतं, पण मी तसं बोललो नाही. म्हणून पुढं जे जे झालं, ते मला जरा जास्तच लागलं.

* * *

पहिल्याच दिवशी बबनराव पितळी समई घेऊन आले. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग सुनीताला काहीच न बोलता माझ्याकडं वळले.

"तात्या, समई इकली न्हाई तर?"

"तरी पन्नास रुपये द्यायचे, बबनराव. फोटूचे."

"इकलं न्हाई तर फी कशाची?"

सुनीता समजावू लागली, "काका, मेहनत तर तेवढीच लागते ना..."

"थांब पोरी. मी तुझ्या सासऱ्याला विचारतोय. तात्या, चाळीस वर्सं दलाली केली तुमी. बैल परत घरी गेला आन तुमी पैसं घेतलं, आसं एकदा तरी झालंय का?"

नव्हतं झालं. खोटं कसं बोलू? मी म्हणालो, "न्हाई झालं."

"मंग!" बबनराव समई ठेवून, फी न देता, चहा पिऊन गेले.

त्या आठवड्यात अकरा जण आले आणि अकराही जणांनी हेच विचारलं. एकानं तर "तात्यासारखा देवमाणूस" असं म्हणून डोळे पुसले आणि पन्नास रुपये वाचवले!

संध्याकाळी सुनीता म्हणाली, "तात्या, तुमचं नाव फार चांगलं आहे. धंदा त्यानंच बुडणार."

* * *

मग रामभाऊ आले. हे माझे बाजारातले जुने जोडीदार, बैलांचे व्यापारी. त्यांच्याकडं लाकडी, पितळी खिळ्यांची पेटी होती. सुनीतानं विचारलं, "काका, किंमत किती टाकू?"

रामभाऊंनी इकडंतिकडं बघितलं. ओट्यावर तिघं-चौघं बसलेले. रामभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला, आणि टॉवेलाखाली माझी बोटं धरली. आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मलाही बरं वाटलं. किती वर्षांनी कुणी हात धरला होता! मी दोन बोटं कमी केली, त्यांनी एक वाढवलं, आणि सौदा ठरला. आमचं शेकडा दहा सुद्धा टॉवेलाखालीच शेकडा सात झालं.

मी सुनीताच्या कानात आकडा सांगितला. तिनं तो मोबाईलवर टाकला.

तासाभरात रामभाऊ परत. तोंड लाल. "तात्या, भाव झाकायला टॉवेल टाकला मी! आन तुमी सगळ्या जगाला दाखवलाव! माझ्या जावयाचा फोन आला, एवढी किंमत हाय तर लग्नात का दिली न्हाई म्हून!"

सुनीतानं निमूटपणे किंमत काढली. मग सुरू झालं. दिल्लीहून मेसेज, किंमत किती? कोल्हापूरहून मेसेज, किंमत किती? दिवसभर तेच. शेवटी वैतागून तिनं रामभाऊंना फोन लावला, "काका, आता लोकांना काय सांगू?"

"त्यास्नी म्हनावं, काष्टीला या. हात द्या!"

* * *

एक जण प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. म्हणाला, "ॲन्टिक हाय. माझ्या लग्नातली."

मी विचारलं, "लग्न कधी झालं?"

म्हणाला, "तात्या, ते नका विचारू. लई काळ झाल्यागत वाटतंय!"

* * *

शेकडा दहा म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं असं मी धरून चाललो होतो. चुकलं.

बाजारतळाजवळ गोटीसोड्याची गाडी लावायचे ते नामदेव. त्यांच्याकडं काचेच्या जुन्या बाटल्या होत्या, गळ्यात गोटी अडकलेल्या, चोवीस. सुनीता म्हणाली, "काका, ह्याला चांगली मागणी आहे. एका बाटलीला दोनशे रुपये टाकू."

"न्हाई. पंच्यान्नव टाक."

"अहो, कमी होतात!"

"होऊंदे कमी. पंच्यान्नव."

आम्ही दोघांनी तास घातला. तोटा समजावला. नामदेव ऐकून घेत होते आणि मिशीत हसत होते. सुनीतानं अखेर पंच्याण्णव टाकले. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या हॉटेलवाल्याचा फोन आला. त्याला सगळ्या चोवीस हव्या होत्या. सुनीतानं आनंदानं फोन नामदेवांच्या हातात दिला.

हॉटेलवाला म्हणाला, "काका, सगळ्या मिळून किती?"

"मिळून न्हाई!" नामदेव ओरडले. "मिळून न्हाई द्यायच्या! एकएक न्या!"

हॉटेलवाल्यानं फोन ठेवला. मी हात जोडून विचारलं, "नामदेवा, आरं का?"

नामदेव मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तात्या, तुमच्या पाटीवर शेकडा दहा लिवलंय. मी शेकडा भरूच देत न्हाई!"

* * *

आता कुलपाचं. हे मात्र मलाच अवघड झालं.

शेजारच्या वाडीचे दगडूआण्णा. त्यांनी धान्याच्या कोठीचं जुनं लोखंडी कुलूप दिलं. चांगलं दीड किलोचं. नाशकाच्या बाईनं पूर्ण किमतीला घेतलं, आमचे शेकडा दहा सुटले. सुनीतानं त्या दिवशी शिरा केला. चार दिवसांनी बाईंचा फोन. कुलूप बंद आहे आणि चावी नाही.

दगडूआण्णांना बोलावलं. "आण्णा, चावी राहिली वाटतं घरी?"

"राहिली न्हाई. ठिवली."

"ठेवली? का?"

आण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्या पोरीला सांगा तात्या. जनावर दिलं तरी दावं आपल्या घरी ठिवायचं आसतं का न्हाई? समदंच देऊन टाकलं तर दावन मोकळी पडती."

सुनीता माझ्याकडं बघायला लागली. मी आढ्याकडं बघायला लागलो. माझ्या खोलीत खुंटीला माझ्या विकलेल्या बैलांची सतरा दावी अजून टांगलेली आहेत, आणि केर काढताना सुनीताच ती रोज झटकते.

"आण्णा, ती बाई पैसे परत मागते. आमची फी पण परत द्यावी लागेल," सुनीता रडकुंडीला आली.

आण्णांना तिची दया आली. मोठ्या मनानं म्हणाले, "बरं, आसं कर. चावीचा येगळा फोटू टाक. हितं बी शेकडा दहा घे. मी काय तुझं नुकसान व्हऊ देनार न्हाई!"

बाईंनी कुलूप परत पाठवलं. परतीचं कुरियर आमच्या अंगावर.

* * *

असं करत दिवाळी पंधरा दिवसांवर आली. महेशचा फोन आला. सुनीता नुसतं "बरं" म्हणाली. मग तिनं दाराची पाटी उतरवली, कपाटावरची बॅग काढली आणि साड्या घड्या करायला बसली. मी म्हणालो, "चहा करू का?" ती म्हणाली, "तुम्हाला करता येत नाही, तात्या." ते खरंच होतं.

एवढ्यात तिचा मोबाईल वाजला. साताऱ्याकडचा कुणी माणूस होता, दुसऱ्या फोटोखालचा आमचा नंबर शोधून काढलेला, भयंकर चिडलेला. "तुमच्याकडच्या त्या आजी काय चेष्टा करतात का?"

आजी म्हणजे आमच्या मागच्या आळीच्या सोनावैनी. ऐंशीच्या पुढच्या. मालक वारलेले, मुलं पुण्यात, घरात एकट्या. त्यांचा पितळी पानाचा डबा आम्ही दोन महिन्यांपूर्वी टाकला होता. सगळ्या गावात एकट्या त्यांनीच पन्नास रुपये न भांडता दिले होते, दोन्ही महिने. एकच अट घातली होती, की फोन नंबर त्यांचा टाकायचा. चौकशी थेट त्यांच्याकडं.

तो माणूस म्हणाला, "मी पाच हजाराला तयार झालो, तर त्या दहा म्हणाल्या. दहाला तयार झालो, तर पंधरा म्हणाल्या! हा काय व्यवहार झाला?"

दहा हजार! सुनीतानं मनात शेकडा दहा लावलेले मला चेहऱ्यावर दिसले. साडी तशीच टाकून ती निघाली. मागनं मी, काठी टेकत.

सोनावैनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर मोबाईल.

"काकू, दहा हजाराला तयार झाला होता तो मानूस!" सुनीताची मराठी पण आमच्यासारखी झाली होती.

"व्हय की. तयार झाला म्हून तर भ्याले. लगीच पंधरा सांगितलं."

मी म्हणालो, "वैनी, इकायचा न्हाई तर फोटू कशाला टाकलाय?"

"आन न्हाई टाकला तर फोन कशाला येतील?" वैनींना माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "सकाळधरनं दोन आलं. एकजन जळगावचा. त्येच्या आईच्या गुडघ्याचं आपरेशन हाय सोमवारी. म्या सांगितलं, घाबरू नगं म्हनावं. डबा कुनाचा, कुठनं आनला, समदं इचारत हुता. ह्यांचंच नाव निघालं चारदा."



वैनींनी पदराची गाठ सोडली. घामानं मऊ झालेल्या नोटा मोजून सुनीताच्या हातात दिल्या. सहाशे रुपये. "हे वर्साचं. दर महिन्याला यायला माझं पाय चालत न्हाईत."

"काकू, तुम्हाला विकायचाच नाही. मग मी फी कशी घेऊ?"

"पाटीवर काय लिवलंय तुज्या? फोटू टाकायची फी. टाकलायस न्हवं?" वैनी जरा रागावल्याच. "आन पावती दे. मला फुकटचं नगं."

सुनीता घरी आली, वही काढली आणि पावती लिहिली. दोनदा खोडली, तिसऱ्यांदा नीट लिहिली. वैनींना नेऊन दिली.

रविवारी महेश आला. मित्राची गाडी घेऊनच आला होता. दारातूनच म्हणाला, "झालं का बांधून? चल, ऊन व्हायच्या आत निघू."

सुनीता पाटीचा पुठ्ठा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "कसं येऊ? सोनाकाकूंची वर्षाची पावती फाडलीय मी!"